समाजशास्त्रातील प्रबंध आणि क्षेत्रातील शब्द

१

समाजशास्त्र या विषयात पीएच.डी.साठी संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास आज विद्यापीठात पद्धतीचे शिक्षण पूर्वीपेक्षा पुष्कळच व्यवस्थितपणे मिळते, यात शंका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमास किमान १२ श्रेयांक नेमून दिले असून संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा विचार त्यात समाविष्ट केला आहे. नमुना कसा निवडावा, प्रश्नावली कशी तयार करावी, मुलाखत कशी घ्यावी, मिळालेल्या माहितीचे वर्गीकरण कसे करावे, या गोष्टी विद्यार्थी शिकतो. तथापि या सर्व शिक्षणात एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही. क्षेत्रात उत्तर ज्या शब्दांत मिळाले, त्या शब्दांचे प्रबंधाच्या अखेरच्या पानापर्यंत काय होते?

हा प्रश्न केवळ भाषाशास्त्रज्ञाच्या कुतूहलाचा आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुतः तो प्रबंधातील पुराव्याचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात समाजशास्त्राचा अभ्यासक गावी जाऊन माहिती मिळवितो ती मराठीत, आणि पुष्कळदा मराठीच्या एखाद्या बोलीत किंवा भिली, गोंडी, कोरकू यांसारख्या स्वतंत्र भाषेत. टिपणे तो अर्धी इंग्रजीत, अर्धी मराठीत करतो. प्रबंध इंग्रजीत लिहिला तर एक भाषांतर होते. तो प्रमाण मराठीत लिहिला तरीही भाषांतर होतेच, परंतु ते भाषांतर आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. हे भाषांतर विश्लेषणाच्या आधी, टिपणवहीतच घडते. त्यामुळे विश्लेषण कितीही काटेकोर असले, तरी ज्याचे विश्लेषण करावयाचे ते मूळ द्रव्य तोपर्यंत बदललेले असते.

या दृष्टीने आपल्याकडील समाजशास्त्रीय संशोधनातील काही प्रमुख ग्रंथांकडे पाहिले असता काय दिसते, आणि आजच्या प्रबंधलेखकाने त्यांतून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

मराठी माणसाने परदेशी विद्यापीठात जातिसंस्थेवर लिहिलेल्या आरंभीच्या प्रबंधांत श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या प्रबंधास अग्रस्थान द्यावे लागेल. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात असताना त्यांनी लिहिलेला जातिसंस्थेच्या इतिहासाचा पहिला भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला, आणि १९११ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. या ग्रंथाचा आधार मनुस्मृती हा आहे. ग्रंथाच्या उपशीर्षकातच केतकरांनी मनूच्या धर्मशास्त्राची साक्ष इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजस्थितीकरिता घेतली आहे असे सांगितले आहे. संहितेचा काळ, तिचा कर्ता, त्याचा हेतू यांची चिकित्सा करून मग तिच्यातून समाजाचे चित्र काढावयाचे, ही शिस्त त्या काळी आपल्याकडे नवीन होती. केतकरांचे श्रेय या शिस्तीत आहे.

परंतु या पद्धतीत साक्षीदार एकच, आणि तोही विधान सांगणारा. धर्मशास्त्र काय असावे ते सांगते. लोक काय करीत आणि आपल्या करण्याला काय नाव देत, हे त्याच्याकडून अप्रत्यक्षच कळते. केतकरांपुढे जी भाषा होती ती स्मृतिकाराची. शेतकऱ्याची, कारागिराची किंवा अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या माणसाची भाषा त्या द्रव्यात येणे शक्यच नव्हते.

केतकरांच्या ग्रंथाचे पहिले महत्त्वाचे परीक्षण एका मराठीभाषक विद्यार्थ्यानेच करावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भीमराव आंबेडकर यांनी जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. जातीच्या रूढ व्याख्यांची तपासणी करताना त्यांनी केतकरांच्या व्याख्येस इतरांहून वरचे स्थान दिले. मात्र जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्माने सदस्यत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. हे तर्काने काढलेले अनुमान आहे. येथे मराठी व्यवहारातील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्यास शास्त्रीय परिभाषेत अंतर्विवाह म्हणतात त्यास लोकव्यवहारात ‘बेटीव्यवहार’ हा शब्द आहे. कोणाशी बेटीव्यवहार होतो हे सांगितले की, सीमा आणि सदस्यत्व ही दोन्ही एकाच वेळी सांगितली जातात. शिवाय या सीमेवर देवाणघेवाण होते ती मुलीची, हेही त्याच शब्दात येते. शब्द सिद्धान्त मांडीत नाही. तथापि संबंधाचे घटक तो कसे जोडतो हे पाहणाऱ्यास त्यातून विचाराची दिशा मिळू शकते.

३

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. १९२४ साली विभागाची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली आणि १९५९ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. घुर्ये मूळचे संस्कृतचे अभ्यासक. केंब्रिजमध्ये रिव्हर्स आणि त्यांच्या मृत्यूनंतर हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळविली. त्यामुळे त्यांच्या अध्यापनात दोन प्रवाह एकत्र आले. एक प्रवाह प्राचीन ग्रंथांचा, दुसरा प्रत्यक्ष पाहणीचा. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी जाती, जमाती, कुटुंब, खेडे, शहर यांवर काम करावयास लावले. स्वतःही वयाच्या उत्तरार्धात महादेव कोळ्यांवर १९५७ साली आणि पुण्याजवळील लोणीकंद या गावावर १९६० साली ग्रंथ लिहिले. लोणीकंदचे महत्त्व असे की, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने त्याच गावाचे वर्णन लिहून ठेवले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतराने तेच गाव पाहण्याची संधी घुर्ये यांनी ओळखली.

या विभागातून पुढे आलेल्या प्रबंधांत म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास यांचे उदाहरण विद्यार्थ्यांनी विशेष अभ्यासण्यासारखे आहे. कूर्गमधील कोडव लोकांवरील विस्तृत प्रबंध त्यांनी १९४४ साली मुंबई विद्यापीठास सादर केला. नंतर ते ऑक्सफर्डला गेले. तेथे प्रथम रॅडक्लिफ-ब्राऊन आणि पुढे एव्हान्स-प्रिचर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच द्रव्यावर नव्याने प्रबंध लिहून १९४७ साली त्यांनी डी.फिल. पदवी मिळविली. १९५२ साली प्रसिद्ध झालेला कूर्गांच्या धर्म व समाजावरील ग्रंथ हे त्याचे फलित होय. एकाच द्रव्याचे दोन प्रबंध होऊ शकतात, कारण प्रश्न बदलला की माहितीची रचना बदलते, असा बोध या उदाहरणातून सामान्यतः काढला जातो, आणि तो योग्यच आहे. तथापि आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रश्न बदलल्यावरही जुने द्रव्य उपयोगी पडते, ते त्यात मूळ संज्ञा टिकून असतील तरच. श्रीनिवासांच्या ग्रंथात ‘ओक्क’ हा कोडव शब्द सर्वत्र आहे. पितृवंशीय एकत्र घराण्याचा तो वाचक आहे. त्याच्या जागी ‘एकत्र कुटुंब’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द घालून त्यांनी काम भागविले असते, तर ओक्काची मालमत्ता, त्याचे पूर्वज, त्याच्या शुद्धाशुद्धीच्या कल्पना या सर्व एका तयार चौकटीत जाऊन बसल्या असत्या आणि पुढील वाचकास त्या चौकटीची तपासणी करण्याचे साधन उरले नसते. सिद्धान्त कालबाह्य झाला तरी शब्द जपलेला प्रबंध कालबाह्य होत नाही. रॅडक्लिफ-ब्राऊन यांचा कार्यवाद आज फारसा कोणी जसाच्या तसा स्वीकारीत नाही. ओक्काविषयीची माहिती मात्र आजही वापरता येते.

४

शब्द हाच पुरावा मानून त्यावर ग्रंथाची उभारणी करण्याचे काम इरावती कर्वे यांनी केले. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्याकडे १९२८ साली त्यांनी एम.ए. केले. त्यानंतर १९३० साली बर्लिनमध्ये पीएच.डी. मिळविली, ती मानवी कवटीच्या असममितीवरील प्रबंधास. म्हणजे त्यांचे स्वतःचे पीएच.डी.चे संशोधन मापनपट्टीचे आणि आकड्यांचे होते. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करीत असताना त्यांनी जे संशोधन केले, त्यातील भारतीय आप्तसंबंधांवरील १९५३ चा ग्रंथ सर्वांत अधिक प्रभावी ठरला. या ग्रंथात भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग कल्पून प्रत्येक विभागातील भाषांच्या आप्तसंज्ञा दिल्या आहेत आणि विवाहाच्या चालींशी त्यांचा संबंध जोडून दाखविला आहे. महाराष्ट्र या मांडणीत मध्य विभागात येतो. उत्तरेकडील आर्यभाषिक आणि दक्षिणेकडील द्राविडभाषिक पद्धती जेथे एकमेकींस भेटतात, असा हा प्रदेश.

या दृष्टीचे बळ कशात आहे हे एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट करता येईल. मराठीत पतीच्या आईचा निर्देश ‘सासू’ या शब्दाने आणि पतीच्या वडिलांचा ‘सासरा’ या शब्दाने होतो. हे शब्द संस्कृत ‘श्वश्रू’ आणि ‘श्वशुर’ यांचे वंशज. परंतु महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत, विशेषतः खेड्यांत, सून सासूस हाक मारते ती ‘आत्याबाई’ अशी, आणि सासऱ्यास ‘मामंजी’ अशी. निर्देशाची संज्ञा एका परंपरेतून आली आणि संबोधनाची संज्ञा दुसरीच गोष्ट सांगते. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. सासूस आत्या म्हणावयाचे, तर पती आत्याचा मुलगा झाला. पतीच्या बाजूने पाहिले तर त्याने मामाची मुलगी केली. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह रूढ होता व काही प्रमाणात अद्यापही आहे. तेव्हा ‘आत्याबाई’ हे संबोधन या चालीशी पूर्णपणे जुळते, आणि ज्या घरात प्रत्यक्षात सासू ही आत्या नसते तेथेही ते टिकून राहते.

‘मामंजी’ हा शब्द मात्र अभ्यासकास थांबवितो. वरील चालीप्रमाणे सासरा हा आत्याचा पती होय. त्यास मामा का म्हणावे? आत्याच्या यजमानांस मामा म्हणण्याची रीत मराठी घरांत पुष्कळ ठिकाणी आहे. पण तिने प्रश्न सुटत नाही, फक्त एक पायरी मागे जातो. आत्याच्या मुलीशीही विवाह होत असेल, तर सुनेचा सासरा तिचा खराखुरा मामा असतो. परंतु असा विवाह महाराष्ट्रातील अनेक जातींत वर्ज्य मानला गेला आहे. दोन घराण्यांत साटेलोटे असेल, म्हणजे एकमेकांच्या बहिणी एकमेकांनी केल्या असतील, तर आईचा भाऊ आणि वडिलांच्या बहिणीचा पती ही एकच व्यक्ती होते. शेजारच्या कन्नडात ‘अत्ते’ हा शब्द आत्या, मामी आणि सासू या तिघींसही चालतो, आणि ‘माव’ हा मामा व सासरा या दोघांस. तेव्हा ‘मामंजी’ हे जुन्या उभयपक्षी देवाणघेवाणीचे अवशिष्ट चिन्ह आहे, दक्षिणेकडील शेजारभाषांच्या संपर्काचा परिणाम आहे, की ‘आत्याबाई’च्या जोडीने केवळ सादृश्याने तयार झालेले संबोधन आहे? प्रत्येक उत्तराचा ऐतिहासिक अर्थ वेगळा. कोणत्या जातीत, कोणत्या तालुक्यात, कोणत्या पिढीपर्यंत हे संबोधन चालते आणि त्याच गावी विवाहाच्या चाली कोणत्या आहेत, हे नोंदविल्यावाचून निर्णय करता येणार नाही. एका शब्दातून पीएच.डी.चा विषय निघू शकतो तो असा.

आता कल्पना करावी की, एखाद्या संशोधकाने आपल्या इंग्रजी टिपणात सासूच्या जागी इंग्रजी शब्द लिहिला, मामा, काका, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान या सर्वांस एकच इंग्रजी शब्द वापरला, आणि चुलत, मामे, आते व मावस या चारही भावंडांस आणखी एकच. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहील. परंतु ज्या भेदावर विवाहाची शक्याशक्यता अवलंबून आहे तो भेदच त्याच्या वहीतून नाहीसा झालेला असेल.

कर्व्यांच्या ग्रंथासही मर्यादा आहेत, हे येथे मान्य केले पाहिजे. त्यांच्या मांडणीचे मुख्य एकक भाषिक प्रदेश हे आहे. एका भाषेची एक संज्ञासूची असे धरले की, त्याच भाषेतील जातिभेद, बोलीभेद आणि पिढीभेद दुय्यम होतात. शिवाय निर्देश आणि संबोधन यांतील भेद अधिक पद्धतशीरपणे नोंदला जाण्यास अद्यापि पुष्कळ वाव आहे. संपूर्ण देशाचा आलेख एका ग्रंथात काढणाऱ्यास हे टाळता येणे कठीण होते. एका तालुक्यावर तीन ते सहा वर्षे काम करणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र ही सबब सांगता येणार नाही. पूर्वसूरींच्या ग्रंथाची उणीव दाखविणे हे प्रबंधाचे काम खरेच. परंतु ती उणीव भरून काढण्याची सोय ज्याच्याकडे आहे त्याने ती भरून काढणे हे त्याहून मोठे काम होय.

५

आप्तसंज्ञा हे सोपे उदाहरण झाले, कारण तेथे शब्दांचे महत्त्व शास्त्राने पूर्वीच मान्य केले आहे. अडचण अधिक आहे ती जे शब्द पारिभाषिक वाटत नाहीत त्यांच्या बाबतीत.

‘समाज’ हाच शब्द घ्यावा. समाजशास्त्राच्या पुस्तकात समाज म्हणजे मानवी संबंधांची व्यापक व्यवस्था. आजच्या बोलण्यात मात्र ‘तुमचा समाज कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर जातीच्या नावाने दिले जाते. जात हा शब्द तोंडावर उच्चारणे अवघड वाटते तेथे समाज हा शब्द सभ्य पर्याय म्हणून वापरतात. जातीच्या संस्था आणि मेळावे यांच्या नावांतही तो याच अर्थाने येतो. अशा स्थितीत एखाद्या प्रश्नावलीत ‘गेल्या वीस वर्षांत समाजात स्त्रियांच्या शिक्षणाविषयी काय बदल झाला असे आपणास वाटते?’ असा प्रश्न असेल, तर एक निवेदक गावाविषयी उत्तर देईल, दुसरा राज्याविषयी आणि तिसरा आपल्या जातीविषयी. तिघांची उत्तरे एकाच स्तंभात मांडून टक्केवारी काढली, तर ती कशाची टक्केवारी झाली?

‘कुटुंब’ या शब्दाचीही तीच कथा. जुन्या पिढीतील पुरुष पत्नीचा निर्देश ‘आमचे कुटुंब’ असा करीत. वयस्क निवेदकास ‘कुटुंब गावी असते का?’ असे विचारले आणि त्याने ‘नाही’ म्हटले, तर त्याची मुले, सुना व भाऊ गावीच असू शकतात. त्याच घरातील तरुण मुलगा याच प्रश्नास ‘हो’ म्हणेल. पडताळणीत ही दोन उत्तरे परस्परविरोधी ठरतील आणि संशोधक त्यांतील एक चुकीचे म्हणून खोडून टाकील. वस्तुतः दोन्ही खरी होती.

सर्वांत गंभीर उदाहरण ‘काम’ या शब्दाचे होय. शेतकरी घरातील स्त्रीस ‘आपण काय काम करता?’ असे विचारले असता ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर पुष्कळदा मिळते. त्याच स्त्रीने सकाळी जनावरांचे केले असते, दुपारी खुरपणीस गेलेली असते आणि सांजेला सरपण आणलेले असते. तिच्या बोलीत ‘काम’ म्हणजे दुसऱ्याकडे पैशांसाठी केलेले. ‘कामाला जाते’ आणि ‘रानात जाते’ ही तिच्या दृष्टीने दोन वेगळी वाक्ये. ज्या प्रबंधात तिची नोंद ‘व्यवसाय : गृहिणी’ अशी होते, तो प्रबंध तिचे श्रम नाहीसे करतो; आणि तिच्याच तोंडचे उत्तर प्रमाण म्हणून पुढे करता येते, हे त्यातील अधिक दुःखाचे. येथे चूक निवेदिकेची नाही, आकडेमोडीचीही नाही. प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या शब्दाचा अर्थ तिचाही अर्थ आहे असे गृहीत धरले, ही चूक होय.

६

यावर एक उपाय सुचविला जातो तो असा की, प्रबंध मराठीतच लिहावा. मराठीतून समाजशास्त्राचे प्रबंध लिहिले जाणे ही सर्वथा इष्ट गोष्ट आहे, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापैकी काहींना तरी ते वाचता येतील हा लाभही लहान नाही. परंतु मराठीत लिहिल्याने प्रस्तुत प्रश्न आपोआप सुटतो, हा समज बरोबर नाही.

पहिली गोष्ट अशी की, मराठीतील समाजशास्त्रीय परिभाषा ही बहुतांशी इंग्रजी संज्ञांसाठी संस्कृतातून घडविलेली आहे. ‘सामाजिक स्तरीकरण’, ‘भूमिका-संघर्ष’, ‘अभिजनवर्ग’ हे शब्द शेतकऱ्यास जितके परके तितकेच त्यांचे मूळ इंग्रजी शब्द. परिभाषा घडविली जाणे अपरिहार्य आहे; परंतु घडविलेल्या शब्दास मराठीत आधीपासून असलेले अर्थ चिकटतात, इकडे दुर्लक्ष होते. श्रीनिवासांनी १९५२ च्या ग्रंथात जी संकल्पना मांडली तिचा मराठी पर्याय ‘संस्कृतीकरण’ हे याचे चांगले उदाहरण आहे. खालच्या मानलेल्या जातीने वरच्या जातीचे आचार, विधी व विचार उचलून आपले स्थान उंचावण्याचा प्रयत्न करणे, असा त्याचा आशय. मूळ इंग्रजी शब्दाचा संबंध संस्कृत भाषेशी आणि तिच्या परंपरेशी होता. मराठीत मात्र ‘संस्कृत’ या शब्दास ‘करण’ जोडले असता होणारे रूप आणि ‘संस्कृती’ या शब्दास ‘करण’ जोडले असता होणारे रूप ही एकच आहेत. परिणामी सामान्य वाचकास, आणि कित्येकदा विद्यार्थ्यासही, या शब्दाचा अर्थ ‘संस्कृती प्राप्त करून देणे’ असा वाटतो. मग जो वर्ग हे आचार उचलतो तो पूर्वी संस्कृतिहीन होता, असा निष्कर्ष कोणी न मांडताही शब्दाबरोबर आत येतो. श्रीनिवासांच्या संकल्पनेवर अनेकांनी आक्षेप घेतले आहेत. परंतु हा आक्षेप केवळ तिच्या मराठी रूपावर येतो, आणि मराठीत लिहिणाऱ्यानेच तो निस्तरावयास हवा.

दुसरी गोष्ट बोलीची. मराठी प्रबंधात निवेदकांची जी अवतरणे दिलेली असतात ती वाचली असता खानदेशातील भगिनी, विदर्भातील शेतमजूर आणि कोकणातील मच्छीमार हे सर्व एकाच प्रमाण भाषेत, आणि तीही पुस्तकी वाक्यरचनेत, बोलतात असे दिसते. संशोधकाने ‘शुद्ध’ केलेले हे बोलणे असते. हेतू पुष्कळदा चांगला असतो; निवेदकाची भाषा उपहासाचा विषय होऊ नये असे त्यास वाटते. परंतु बोली दुरुस्त करणे म्हणजे ती चूक होती असे मान्य करणेच होय. त्यातून पुराव्याचीही हानी होते. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारा माणूस एकाच मुलाखतीत घरच्या गोष्टी बोलीत सांगतो आणि सरकारी योजना, शाळा किंवा न्यायालय यांचा विषय निघताच प्रमाण मराठीकडे वळतो. हे वळण हाच सत्तेच्या संबंधाचा पुरावा असतो, आणि शुद्धीकरणात नेमका तोच पुसला जातो.

७

उपर्युक्त विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. शास्त्र हे तुलनेवर चालते. प्रत्येक गावाचा शब्द जसाच्या तसा ठेवावयाचा म्हटले, तर प्रबंध हा शब्दकोश होईल. लोणीकंदची तुलना कूर्गशी, आणि कूर्गची आणखी कोणाशी करता येणार नाही. शिवाय निवेदकाच्या शब्दात नेहमीच सत्य असते असेही नाही. ‘आमच्या गावात भेदभाव नाही’ हे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतल्याने भेदभाव नाहीसा होत नाही.

हा आक्षेप खरा आहे. त्यास उत्तर असे की, शब्द जपणे म्हणजे शब्दावर विश्वास ठेवणे नव्हे. केनेथ पाईक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९५४ साली ध्वनिविचारातील एका भेदाचा विस्तार करून मानवी वर्तनाच्या वर्णनासाठी दोन भूमिका सांगितल्या. एक बाहेरून पाहणाऱ्याची, जिच्यात सर्व समाजांस लावता येतील अशी मापे असतात. दुसरी आतून पाहणाऱ्याची, जिच्यात त्या समाजाला जे भेद महत्त्वाचे वाटतात तेच मोजले जातात. दोन्ही भूमिका आवश्यक आहेत. त्यांतील एकीतून दुसरीत कोठे व कसे गेलो हे वाचकास न सांगणे हा दोष होय. ‘भेदभाव नाही’ असे म्हणणारा ज्या शब्दांत पाणवठ्याचे, लग्नाच्या पंगतीचे आणि वस्तीच्या जागेचे वर्णन करतो, ते शब्द शेजारी ठेवले म्हणजे त्याच्याच वाक्याची परीक्षा होते. शब्द टाकून दिले तर ही परीक्षा संशोधकाच्या मतावर सोपवावी लागते.

यासाठी विशेष साधनसामग्री लागत नाही. टिपणवहीत उत्तराची नोंद तीन टप्प्यांत करावी. प्रथम निवेदकाचे शब्द, त्याच्या बोलीत. नंतर त्यांचा साधा मराठी अर्थ. आणि त्यानंतरच शास्त्रीय संज्ञा. तिसरा टप्पा क्षेत्रात भरू नये. प्रश्नावली छापण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द त्या गावी कोणकोणत्या अर्थांनी चालतो हे दहा-वीस माणसांच्या बोलण्यातून पाहावे. ‘समाज’, ‘कुटुंब’ आणि ‘काम’ हे शब्द तर विशेष करून. निर्देश आणि संबोधन वेगवेगळे लिहावेत. जेथे संशोधकास बोली येत नाही तेथे दुभाषी कोण होता, त्याची जात व त्याचे गाव कोणते, हे प्रबंधात सांगावे, कारण त्याच्यापुढे निवेदक काय बोलेल हे त्यावर अवलंबून असते. प्रबंधाच्या अखेरीस क्षेत्रातील शब्दांची अर्थासह सूची असावी, आणि तिच्यात ज्या शब्दास पर्याय सापडला नाही त्याचीही नोंद असावी.

मार्गदर्शकांचाही यात भाग आहे. प्रबंधाचे प्रकरण हाती आल्यावर त्यातील तक्ते आणि संदर्भ तपासले जातात; मूळ टिपणे क्वचितच मागविली जातात. मौखिक परीक्षेत ‘आपण कोणता सैद्धान्तिक दृष्टिकोण स्वीकारला?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या जोडीस ‘या तक्त्यातील “गृहिणी” या सदराखाली ज्या स्त्रिया आहेत, त्यांनी स्वतः काय शब्द वापरले होते?’ असा एक प्रश्न विचारला जाऊ लागला, तर विद्यार्थी क्षेत्रात जातानाच वेगळी वही घेऊन जातील.

केतकरांपुढे मनूची संहिता होती आणि ती त्यांनी अक्षरशः तपासून वापरली. एखाद्या पाठभेदाकडे दुर्लक्ष झाले असते, तर त्यांचे परीक्षक ते खपवून घेते ना. गावातील स्त्रीने सांगितलेले वाक्य ही देखील एक संहिता आहे, आणि तिची दुसरी प्रत कोठेही नाही. ती तितक्याच कसोशीने उतरवून घेतली जावी, एवढीच या निबंधाची अपेक्षा आहे.